उलट्या कपांची नक्षी

बँकेनं माझी बदली उज्जैनला केली तेव्हा फ्रीगंजमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर मला दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालक राहायचे, आल्हाद पागनीस आणि त्यांच्या पत्नी जयश्री. पागनीसांचे पूर्वज शिंदेशाहीत पागेचा कारभार बघायला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. आता घरात घोड्याची नालसुद्धा नव्हती, आडनाव तेवढं शिल्लक होतं. काका नोकरीतून निवृत्त झालेले, सकाळचा पेपर दुपारपर्यंत पुरवून वाचणारे. काकू थैले करायच्या. त्यांना सगळी गल्ली जयूताई म्हणायची. मी वयानं बरीच लहान, म्हणून काकू म्हणायला लागले.

पिशवी हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही, थैलाच. त्यांचं मराठी असंच होतं. "मुक्ता, परेशान नको होऊ, चाबी इथंच टेबलावर आहे," असं त्या म्हणायच्या. मी अकोल्याची, सुरुवातीला हसायचे. वर्षभरानं फोनवर मीच आईला म्हटलं, "आई, मी बिलकुल ठीक आहे," आणि पलीकडून आई हसली.

काकूंनी बरीच वर्षं एका खासगी शाळेत चित्रकला शिकवली होती. एका उन्हाळ्यात शाळेनं तो विषयच बंद करून टाकला. पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला, झालं. घरी आल्यावर काही दिवस काकू नुसत्या बसून असायच्या. मग एका सकाळी ओट्यावर धुऊन पालथे घातलेले कप त्यांना दिसले. बूड वर, कान एका बाजूला. त्यांनी ते कागदावर काढले. एका ओळीत कान उजवीकडे, खालच्या ओळीत कान डावीकडे, आणि ती ओळ अर्ध्या कपानं सरकवलेली. अशा ओळींवर ओळी. कागद भरला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे थांबवायची गरजच नाही, कितीही लांब नेता येईल.

भैरवगढला क्षिप्रेच्या काठी कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणारी घरं आहेत. त्यातल्या एकांकडून काकूंनी ठसा कोरून घेतला आणि कापड छापून घेतलं. छपाईवाले थान पसरून म्हणाले, "दीदी, हाथी अच्छे बने हैं."

"हाथी नहीं भैया, कप हैं. उलटे कप."

त्यांनी मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. "होंगे. पर हैं हाथी."

त्या कापडाचे त्यांनी थैले शिवले. जेवणाचा डबा आडवा होणार नाही असा रुंद तळ, खांद्याला रुतणार नाहीत असे बंद. आधी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी घेतले, मग मुलांच्या आयांनी, मग फ्रीगंजमधल्या एका दुकानानं ठेवायला मागितले. कुणी त्यांना हाथीवाले थैले म्हणायचं, कुणी छतरीवाले. कप म्हणणारे थोडेच. पण थैला कुणाचा हे विचारावं लागत नसे.

एकदा मी म्हटलं, "काकू, आत एक छोटीशी पट्टी शिवून नाव घाला की."

"कशाला? ओळखीचा माणूस समोरून आला तर त्याच्या छातीवर चिठ्ठी असते का नावाची?"

शिवायला त्यांच्याबरोबर पहिल्या थैल्यापासून मीना होती. मागच्या गल्लीत राहायची, नवरा लोडिंग रिक्षा चालवायचा. मशीनवर बसली की तिचं बोलणं थांबायचं आणि काकूंचं सुरू व्हायचं. करोनाच्या वर्षी सगळंच बंद पडलं. शाळा बंद, दुकान बंद, डबे कोण नेणार? काकूंनी जमेल तितके दिवस मीनाला काम दिलं. नंतर द्यायला कामच नव्हतं. मीनानं दुसरीकडे काम धरलं. त्यात कुणाचाच दोष नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात काकूंना पुण्याच्या लेकीला, ईराला, पार्सल पाठवायचं होतं. मी बरोबर गेले. देवास गेटच्या बसस्टँडबाहेर एका ठेल्यावर दोरीला थैले लटकत होते. उलटे कप. एका ओळीत कान उजवीकडे, एका ओळीत डावीकडे.

काकू आधी खूश झाल्या. त्यांना वाटलं, आपलेच कुणीतरी विकतंय. मग त्यांनी एक थैला हातात घेऊन उलटा केला. ठशाचा रंग उतरतो तसा कापडाच्या मागच्या बाजूला रंगच नव्हता, मशीनची छपाई होती. तळ अरुंद. बंदांच्या टाक्यांवरून त्यांचं बोट फिरलं आणि मध्येच थांबलं.

"ले लो आंटी," ठेलेवाला म्हणाला. "हाथीवाला है. असली."

काकूंनी तो थैला विकत घेतला. पार्सल करायचं विसरून आम्ही परत आलो. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "बंद मीनानं शिवलेत."

त्या तडक मीनाच्या घरी गेल्या. मी दाराशीच थांबले होते. मीनानं थैला पाहिला आणि खाली बघत म्हणाली, "दीदी, कपड़ा छपा-छपाया आता है. मैं तो बस सिलती हूँ."

"किसके यहाँ?"

"हर्षल सेठ के गोदाम में. मैंने पहले दिन ही बोला था कि ये तो दीदी का है. बोले, कपड़े पे किसी का नाम लिखा है क्या?"

नाव खरंच नव्हतं लिहिलेलं. निघताना त्यांनी मीनाच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. मीनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण काम सोडते असं ती म्हणाली नाही. काकूंनीही म्हणायला लावलं नाही.

घरी काकांनी पेपर बाजूला ठेवला. "चोरतात म्हणजे चांगलं आहे, जयू. आता या वयात कोर्टकचेरी कुठं करत बसतेस? दुसरं काहीतरी काढ. तुला काय, रोज नवीन सुचतं."

"सुचतं. तेही उचलतील," काकू म्हणाल्या. "शाळेनं माझा विषय बंद केला तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. गुच्छ घेऊन घरी आले. या वेळी बोलणार."

काकांनी पेपर पुन्हा उचलला. त्यांच्या लग्नाला तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. कुठल्या स्वरानंतर बोलायचं नसतं, ते त्यांना ठाऊक होतं.

मृणाल दिघे नावाच्या वकील टावर चौकाजवळ बसायच्या. वडील रेल्वेत होते, त्यांच्या नोकरीपायी कुटुंब नागपूरहून इथं आलेलं. चाळिशीच्या, चटपटीत, समोरच्याचं ऐकताना हातातलं पेन बंद करून ठेवणाऱ्या. त्यांनी दोन्ही थैले शेजारी शेजारी मांडले.

"काकू, ही नक्षी छापायला लागलात तेव्हा डिझाइन म्हणून नोंदवली होती?"

"नाही."

"मग आता ती नोंद होणार नाही. ती बाजारात यायच्या आधी करायची असते. आणि चित्राचा जो हक्क असतो ना, कॉपीराइट, तोही अशा वस्तूंवर भरपूर छापलं की टिकत नाही, डिझाइन नोंदवलेलं नसेल तर."

"म्हणजे मी काढलेलं माझं नाही?"

"कागदावरचं चित्र तुमचं. थैल्यावरच्या नक्षीसाठी एकच वाट उरलीय, ट्रेडमार्क." मृणालताईंनी पेन उघडलं. "पण ट्रेडमार्क चांगल्या चित्राला मिळत नाही. तो खुणेला मिळतो. गिऱ्हाइकानं ही नक्षी पाहिली की 'वा, छान नक्षी' एवढंच वाटलं तर आपण हरलो. 'हा अमक्यांचा थैला' असं वाटलं पाहिजे. आणि ते आपल्याला सिद्ध करावं लागेल. नाव असतं तर सोपं होतं. नक्षीचं अवघड असतं. वेळ लागेल, काकू. वर्षं जातील."

"जाऊ देत. मी कुठं चाललेय?"

अर्ज तयार होत असताना काका एकदा म्हणाले, "करतेच आहेस तर ती केरीवाली नक्षीपण टाक. ती जास्त खपते."

ते खरं होतं. आंब्याच्या कोयरीच्या छापाचे थैले जास्त जायचे. मृणालताईंनी काकूंकडे पाहिलं.

"केरी भैरवगढची आहे," काकू म्हणाल्या. "त्यांच्या आजोबा-पणजोबांपासून छापतायत ते. मी ती विकते, पण ती माझी नाही. माझी मी मागतेय, दुसऱ्याची कशाला मागू?"

मृणालताई हसल्या. "तुम्ही मागितली असती तरी मिळाली नसती. पण बरं झालं तुम्हीच बोललात."

अर्जात नक्षीचा तुकडा जोडला. कपांच्या ओळी, अर्ध्यानं सरकलेल्या, कान आलटून पालटून, आणि ही रचना कापडभर पुन्हा पुन्हा येते असं स्पष्ट लिहिलं. पिशव्या आणि थैल्यांच्या वर्गात अर्ज गेला.

काही महिन्यांनी उत्तर आलं. आक्षेप होता. ही नक्षी सजावटीची दिसते, एका व्यवसायाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखण्याचा गुण तिच्यात दिसत नाही, असा त्याचा आशय. मृणालताईंनी आधीच सांगितलं होतं की हे येणार. तरी काकूंचा चेहरा उतरला.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं काय? आता तर सुरू झालं."

याच सुमारास हर्षल सेठ घरी आले. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं असणार. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. हातात मिठाईचा डबा. काकांना वाकून नमस्कार केला, उन्हाबद्दल, शहरातल्या वाढत्या गर्दीबद्दल बोलले. मग म्हणाले, "आंटीजी, ये कागज़-वागज़ में आप क्यों पड़ती हैं? आप डिज़ाइन मुझे दे दीजिए. घर बैठे आपको हर महीने कुछ आता रहेगा. मैं पूरे प्रदेश में पहुँचा दूँगा."

"दे दूँ मतलब? आप तो ले ही चुके हैं."

सेठ हसले. "हाथी पर किसका हक होता है आंटीजी? हाथी तो भगवान ने बनाया है."

"हाथी भगवान ने बनाया है, भैया," काकू म्हणाल्या, "कप मैंने उलटा किया है."

सेठच्या भुवया वर गेल्या. मला तरी वाटतं, त्यांना त्या क्षणापर्यंत ते कप आहेत हे माहीतच नव्हतं. चहा घेऊन ते गेले. जाताना दारात थांबून अगदी गोड आवाजात म्हणाले, "मिलेगा नहीं आपको. मैंने भी पूछा है वकील से."

मिठाईचा डबा काकूंनी त्यांच्यामागे धावत जाऊन त्यांच्या गाडीत ठेवला.

आता पुरावे जमवायचे होते. फ्रीगंजच्या दुकानदारानं जुन्या मालाची बिलं शोधून दिली. शाळेतल्या एका बाईंनी स्नेहसंमेलनाचे फोटो आणले. त्यात मागच्या रांगेत टांगलेल्या थैल्यांवर कप दिसत होते. भैरवगढच्या छपाईवाल्यांनी पहिला ठसा कधी कोरला हे शपथेवर लिहून दिलं, आणि सही करताना पुन्हा एकदा म्हणाले की ते हत्ती आहेत.

मृणालताईंना वाटत होतं की मीनानंही तसं लिहून सही केली तर बरं. पहिले थैले तिनंच शिवले होते. काकू आधी तयार नव्हत्या. "तिचं काम जाईल." शेवटी त्या गेल्या, पण दबाव नको म्हणून मला बरोबर घेऊन गेल्या नाहीत. परत आल्या तेव्हा मी जिन्यातच होते.

"नाही म्हणाली," काकूंनी सांगितलं. "म्हणाली, दीदी, आपके पास काम नहीं था तब इसी आदमी ने दिया. खरंच आहे ते."

"वाईट वाटलं?"

"वाटलं. पण तिच्या जागी मी असते तर मीही नाही म्हणाले असते." त्या दोन पायऱ्या चढल्या, मग वळून म्हणाल्या, "आपल्याला तिच्याशिवाय जमवावं लागेल. बस."

मग मृणालताईंना एक गोष्ट सुचली. नक्षीचा नुसता चौकोनी तुकडा लोकांना दाखवायचा, थैला नाही, आणि विचारायचं, हे काय आहे, कुणाचं आहे? काकूंनी स्वतः विचारून चालणार नव्हतं. कुणी ओळखीचं माणूस समोर असलं की लोक तोंडदेखलं बोलतात. मी तयार झाले. "याचं फार वजन पडेल असं नाही," मृणालताईंनी बजावलं, "पण प्रामाणिकपणे करा. उत्तर सुचवायचं नाही. आणि जे उत्तर येईल ते लिहायचं. आवडलं नाही तरी."

एका रविवारी संध्याकाळी मी टावर चौकात उभी राहिले. बँकेत काउंटरपलीकडून लोकांशी बोलायची सवय, रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवायचं म्हणजे जिवावर आलं. पहिल्या दोन कॉलेजच्या मुलींनी तुकडा पाहिला आणि खांदे उडवले. "कोई डिज़ाइन है." लिहिलं. एक आजोबा म्हणाले, "भैरवगढ़ का छापा है." तेही लिहिलं.

मग औषधाच्या दुकानातून बाहेर पडलेल्या एका बाईंनी तुकडा बघताच म्हटलं, "अरे, ये तो ड्राइंग वाली मैडम के थैले का कपड़ा है. मेरे पास तीन हैं." पाठोपाठ एका गृहस्थांनी, "हाथीवाले. पागनीस जी के यहाँ बनते हैं, मेरी बहू लाती है." चाटच्या गाडीवर उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "छतरीवाला बैग! फ्रीगंज में एक आंटी बनाती हैं, नाम नहीं पता." एका मराठी बाईंनी तर मलाच विचारलं, "जयूताईंनी आता कापडपण विकायला काढलं का?"

कुणाला हत्ती दिसत होता, कुणाला छत्री, एकाला झोपडी. पण बोट एकाच घराकडे जात होतं. सगळ्यांचं नाही, पण पुष्कळांचं.

शेवटी एक माणूस म्हणाला, "ये तो देवास गेट पर मिलता है. सस्ता. पहले महँगा था, अब क्वालिटी गिरा दी उन्होंने." मी पेन थांबवलं. हे लिहायचं? काकूंचं नाव खराब करणारं वाक्य होतं ते. जड हातानं लिहिलं.

घरी काकूंनी सगळं वाचलं. त्या ओळीवर त्यांची नजर अडकली. "उन्होंने म्हणजे मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याच्या थैल्याचा अरुंद तळ माझ्या नावावर." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खऱ्या अर्थानं चिडलेलं पाहिलं. आवाज चढला नाही. त्यांनी फक्त कागद घडी करून माझ्या हातात दिला. "हे मृणालला सगळ्यात वर ठेवायला सांग."

मृणालताईंनी तो सगळ्यात वर ठेवला.

सुनावणी ऑनलाइन होती. मृणालताईंच्या ऑफिसात काकू त्यांच्या शेजारी बसल्या, कॉटनची कडक इस्त्रीची साडी नेसून. काका आणि मी कॅमेऱ्यात येणार नाही असे भिंतीलगत. पडद्यावर मुंबईहून सुनावणी घेणारे अधिकारी दिसले, शांत, थकलेले, समोर फायलींचा ढीग असावा असे. त्यांनी नक्षी पाहिली. छान आहे, म्हणाले. ते शब्द ऐकून मृणालताईंनी काकूंकडे चोरून पाहिलं, कारण 'छान' हाच आपला धोका होता.

अधिकाऱ्यांचा प्रश्न सरळ होता. कापडाच्या थैल्यावर नक्षी असतेच. गिऱ्हाईक हिला सजावट म्हणून का बघणार नाही? खूण म्हणून का बघेल?

मृणालताईंनी बिलं, फोटो, शपथपत्रं एकेक करून दाखवली. इतकी वर्षं हीच रचना, रंग बदलले तरी ओळी आणि कान बदलले नाहीत. साहेब ऐकत होते, मान हलवत होते, पण त्यांचं मत वळलेलं दिसत नव्हतं. मग त्यांनी सहज विचारलं, "थैल्यावर नाव कुठं आहे? बाहेर की आत?"

"नाही आहे," मृणालताई म्हणाल्या.

"लेबल?"

"नाही. आतही नाही, बाहेरही नाही. पहिल्या थैल्यापासून कधीच नव्हतं."

"मग गिऱ्हाईक ओळखतं कसं, की हा थैला यांचाच..." साहेब बोलता बोलता थांबले.

मृणालताई म्हणाल्या, "सर, तेच आमचं म्हणणं आहे. ओळखायला दुसरं काही नाहीच. आणि तरी लोक ओळखतात. नक्कल विकत घेणाऱ्यानंसुद्धा तक्रार आमच्याच नावानं केलीय, ते सगळ्यात वरचं पान आहे."

साहेबांनी पान उघडलं असावं. त्यांची नजर खाली गेली. मग त्यांनी काकूंना थेट विचारलं, "आपने कभी नाम क्यों नहीं लिखा?"

काकू गांगरल्या नाहीत. "सर, मैंने बीस साल बच्चों को ड्राइंग सिखाई. कॉपी बिना नाम की आती थी, तो भी मैं हाथ देखकर बता देती थी किसकी है. मुझे लगा, लोग भी देख लेंगे. लोगों ने देख लिया. बस जिनको नहीं देखना था, उन्होंने नहीं देखा."

सुनावणी संपली. निकाल त्या दिवशी सांगत नाहीत. बाहेर आल्यावर काकांनी न बोलता समोरच्या दुकानातून तीन ग्लास उसाचा रस आणला. आपला ग्लास काकूंना देऊन टाकला, कारण त्यांचा एका घोटात संपला होता.

काही आठवड्यांनी अर्ज स्वीकारल्याचं कळलं. मग नक्षी सरकारी जर्नलमध्ये छापून आली. तिथून चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतं. हर्षल सेठ नोंदवणार याची आम्हाला खात्री होती. काकूंनी त्या महिन्यांत एकदाही तो विषय काढला नाही. रोज सकाळी कापणीच्या टेबलाशी उभ्या राहायच्या, थान अंथरायच्या, कात्री चालवायच्या. मीच मृणालताईंना फोन करून करून हैराण केलं. मुदत संपली. विरोध आला नव्हता. सेठच्या वकिलानं त्यांना दुसरं काही सांगितलं असेल किंवा सेठना परवडणारं वाटलं नसेल, आम्हाला कधी कळलं नाही.

प्रमाणपत्र ईमेलनं आलं. काकांनी ते छापून आणलं आणि फ्रेम करायला निघाले. काकूंनी अडवलं. "आधी सेठला नोटीस. फ्रेम मग."

नोटीस गेली. दोन महिन्यांत देवास गेटच्या ठेल्यावरून हत्ती उतरले. सेठच्या गोदामात आता सरळ कप छापले जातात, बशीसकट, असं ऐकलं. काकूंनी ते ऐकून मान डोलावली. "छापू दे. सरळ कप कुणीही काढावा."

पण काकूंच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. सेठनं जुनं कापड बंद केलं तेव्हा शिवणाऱ्या काही बायांना घरी बसवलं. त्यात मीना होती. कळल्यावर काकू त्याच संध्याकाळी मागच्या गल्लीत गेल्या. या वेळी मला म्हणाल्या, "चल."

मीनानं दार उघडलं आणि पहिलं वाक्य तिनंच म्हटलं. "दीदी, मैंने आपके कागज़ पे साइन नहीं की थी."

"मालूम है. मैं काम लेकर आई हूँ."

मीना चौकटीला टेकून उभी राहिली. तिनं लगेच हो म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता, काकूंना नाही आला. मग मीना म्हणाली, "थैले के हिसाब से नहीं, दीदी. महीने का बाँध दो. काम हो न हो. बंद हुआ तो फिर मैं कहाँ जाऊँगी?"

काकूंनी विचार केला. त्यांना ते सोपं नव्हतं. हातात येणारं काम महिन्याला सारखं नसायचं. "ठीक है," त्या म्हणाल्या. "पण मग चादरींचंपण काम काढावं लागेल आपल्याला. थैल्यांवर दोन घरं चालणार नाहीत." हे त्या मराठीत बोलल्या, बहुधा स्वतःशीच. मीनाला इतक्या वर्षांत मराठी कळायला लागलंच होतं. तिनं विचारलं, "चादर में किनारी कौन-सी लगेगी?"

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा मृणालताईंकडे होतो. थैल्यांची नोंद चादरींना पुरत नाही, त्यांचा वर्ग वेगळा. पुन्हा अर्ज, पुन्हा बहुतेक आक्षेप, पुन्हा पुरावे. मृणालताईंनी सगळं नीट समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "आणि काकू, पहिल्या नोंदीचं अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांनी नूतनीकरण असतं. मी आठवण करून देईनच. तेव्हा ईरा असेल इथं, की कुणाला पाठवाल?"

"कुणाला कशाला?" काकू चष्मा पुसत म्हणाल्या. "मीच येईन."

आणि त्यांनी चादरीचा नमुना टेबलावर पसरला.